कोंडाणे लेणी नीट कशी पाहायची: तयारीपासून परतीपर्यंत

कर्जतजवळची कोंडाण्याची बौद्ध लेणी पाहून आलेल्या माणसाला मी नेहमी एकच प्रश्न विचारतो: दर्शनी भागातलं डाव्या बाजूचं ते मोठं डोकं पाहिलंत का? बहुतेक वेळा उलट प्रश्न येतो, ‘कुठलं डोकं?’ मग फोनवर धबधब्याचे फोटो दाखवले जातात. माणसं कर्जतहून कोंदिवड्याला जातात, दीड तास जंगल चढतात, झाडीच्या पडद्यामागे दडलेल्या चैत्यगृहासमोर (स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनासमोर) उभी राहतात आणि ते डोकं न पाहताच परततात. चुका दरवेळी त्याच असतात: ऋतू चुकीचा, क्रम चुकीचा आणि हातात नको त्या वस्तू. म्हणून हा लेख टप्प्याटप्प्याने लिहिला आहे. टप्पे आहेत त्याच क्रमाने पाळावेत, कारण एक चुकला की पुढचे दोन वाया जातात.

१. आधी ऋतू ठरवा, मग तारीख

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पावसाळ्यात जाणं. जून ते सप्टेंबर कड्यावरून पाण्याची धार लेण्यांच्या तोंडासमोर कोसळते. दृश्य मोहात पाडणारं असतं, पण त्या धारेमागचं कोरीवकाम दिसत नाही, दगडावर शेवाळ असतं आणि वरून सुटे धोंडे येऊ शकतात. ओढ्याचं पाणी अर्ध्या तासात वाढतं आणि परतीची वाट बंद होते. तालुक्यातल्या धबधब्यांवर पावसाळ्यात प्रशासन मनाई आदेशही काढतं. मी पहिल्यांदा ऑगस्टमध्ये गेलो होतो. तीन तास लेण्यात होतो आणि शिलालेखाचं एक अक्षरही पाहिलं नाही.

आणखी एक गोष्ट मनात पक्की ठेवा. ज्या पाण्यासाठी गर्दी होते, त्याच पाण्याने हे लेणं झिजवलं आहे. कड्यातून पाझर पावसाळ्यानंतरही बराच काळ चालू राहतो. खांबांचे खालचे भाग, मूर्तींचे चेहरे, भिंतींच्या कडा सगळं त्यानेच खाल्लं. आत गेल्यावर काय पाहायचं याची अर्धी किल्ली या एका गोष्टीत आहे.

डिसेंबर आणि जानेवारी सर्वात चांगले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला वाट निसरडी असते. फेब्रुवारीत पानगळ सुरू झालेली असते, त्यामुळे वाट ओळखणं सोपं जातं. मार्चपासून उन्हाचा त्रास आणि वणव्याचा धोका, दोन्ही वाढतात.

*तपासा:* गेल्या आठ दिवसांत अवकाळी पाऊस झाला असेल तर तारीख पुढे ढकला.

२. नावाचा घोळ घरीच मिटवा

फोनच्या नकाशात ‘कोंढाणा’ लिहिलं की तो तुम्हाला पुण्याजवळच्या सिंहगडावर नेऊ शकतो, कारण सिंहगडाचं जुनं नाव तेच. हे लेणं कोंडाणे, रायगड जिल्हा, कर्जत तालुका, राजमाची किल्ल्याच्या पायथ्याचं जंगल. पायथ्याचं गाव कोंदिवडे. लिहिताना ‘कोंडाणे लेणी, कर्जत’ असं पूर्ण लिहा आणि नकाशा घरीच उतरवून घ्या. जंगलात नेटवर्कच्या भरवशावर राहू नये.

दोन वाटा आहेत. एक कोंदिवड्याहून चढणारी. दुसरी लोणावळ्याच्या बाजूने राजमाचीला येऊन, किल्ल्याजवळच्या उधेवाडी गावातून उतरणारी. दुसरी वाट ट्रेकर लोकांच्या आवडीची आहे, पण त्या वाटेने आलेला माणूस दमलेल्या पायांनी आणि संपत आलेल्या उजेडात लेण्यापाशी पोहोचतो. पाच मिनिटं टेकतो आणि निघतो. लेणं पाहायचं असेल तर कोंदिवड्याहून जा आणि त्या दिवशी राजमाची जोडू नका. ‘आलोच आहोत तर किल्लाही करू’ या एका वाक्याने किती जणांचं लेणं राहून गेलं आहे, ते मी पाहिलं आहे.

३. पिशवीत काय हवं, काय नको

माणशी तीन लिटर पाणी घ्या. वाटेतल्या ओढ्यावर किंवा लेण्याजवळच्या पाझरावर भिस्त ठेवू नका. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण पँट, घोट्यापर्यंतचे बूट, मीठ-साखरेच्या पुड्या, शिट्टी आणि साधी प्रथमोपचाराची पिशवी हवी.

लेणं पाहण्यासाठी वेगळं सामान लागतं आणि ते कोणीच नेत नाही. दोन बॅटऱ्या घ्या: एक कपाळावर बांधायची, दुसरी हातात धरायची. दुसरीचं काम फार महत्त्वाचं आहे, ते पुढे सहाव्या टप्प्यात येईल. छोटी दुर्बीण असेल तर जरूर घ्या, कारण दर्शनी भागातलं उत्तम कोरीवकाम डोक्याच्या बरंच वर आहे. वही आणि पेन्सिल घ्या. पेन नको, ओल्या हाताने शाई पसरते.

आता नको त्या वस्तू. खडू नको. अत्तर, सुगंधी तेल, परफ्युम नको, कारण कड्यांवर आग्या मोहोळ असू शकतं. स्पीकर नको. मेणबत्त्या आणि अगरबत्त्याही आत लावायच्या नाहीत, मग भावना कितीही चांगली असो. बंद दालनात काजळी छताला चिकटते आणि ती निघत नाही. वंदना करायची असेल तर फुलं आणि हात जोडलेले पुरेत. परत निघताना ती फुलंही उचलून न्यावीत, कारण सडलेल्या फुलांची ओल दगडावरच राहते.

*इशारा:* लेणं हे आजही बौद्ध बांधवांचं श्रद्धास्थान आहे. तिथे जेवणं, मद्यपान, स्तूपावर चढून फोटो हे कुठल्याही कारणाने चालणार नाही.

४. गाव आधी, जंगल नंतर

कर्जत स्टेशनपर्यंत लोकल किंवा पुण्याहून येणारी गाडी. स्टेशनबाहेरून कोंदिवड्याला रिक्षा मिळते. परतीची वेळ आणि भाडं तिथेच ठरवा आणि रिक्षावाल्या दादांचा नंबर घ्या, कारण दुपारी गावातून परतीचं वाहन मिळेलच असं नाही.

गावात पोहोचलात की लगेच वाटेला लागू नका. दहा मिनिटं थांबा. पारावर किंवा दुकानात कोणी काका, मावशी असतील त्यांना नमस्कार करून तीन गोष्टी विचारा. वाट मोकळी आहे का? वर मोहोळ बसलंय का? आज अजून कोणी वर गेलंय का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला कुठल्याही नकाशात मिळणार नाही. गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला वाट दाखवायला सोबत घेतलंत तर उत्तम. पैसे आधी ठरवा आणि घासाघीस करू नका. लाकूडफाटा आणि गुरांसाठी रोज रानात जाणाऱ्या माणसाला पावलागणिक जे दिसतं, ते आपल्याला दिसत नाही.

चढायला सकाळी आठपर्यंत सुरुवात व्हायला हवी. साधारण एक ते दीड तास चाल आहे.

सोबत कोणी नसेल तर एक नियम पाळा. गुरांच्या वाटा मुख्य वाटेला जागोजागी फुटतात. दहा मिनिटं चालूनही रुळलेली वाट, पावलांच्या खुणा किंवा फलक दिसला नाही, तर पुढे जाऊ नका. शेवटच्या खात्रीच्या ठिकाणी परत या. ‘वर चढत राहिलो की लागेलच’ हा तर्क इथे फसतो, कारण लेणं कड्याच्या पोटात आहे आणि झाडीमुळे ते अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. पन्नास पावलांवरून चुकवणारे लोक मी पाहिले आहेत.

*तपासा:* प्रत्येक फाट्यावर मागे वळून एक फोटो काढा. परतताना वाट उलट्या बाजूने दिसते आणि गोंधळ तिथेच होतो.

५. पोहोचलात? आत जाऊ नका

झाडी संपते आणि एकदम समोर दगड उघडतो. पाय आपोआप आत वळतात. ते थांबवा. दहा मिनिटं बाहेर, कड्यापासून थोडं दूर बसा, पाणी प्या आणि वर पाहा. काळसर, लोंबणारी, थरथरणारी पोळी कुठे दिसतात का? ताज्या तुटलेल्या दगडांचा ढीग पायाशी आहे का? असेल तर त्याच्या वरची कड सैल आहे असं समजून तिथून दूरच राहा.

मोहोळ उठलंच तर हात झटकू नका, आरडाओरडा करू नका. तोंड-डोकं कापडाने झाका आणि मागे न पाहता दूर पळा. सगळे एकाच दिशेने. काटे लवकरात लवकर खरवडून काढा. ज्याला श्वास घ्यायला त्रास होतो, ओठ किंवा डोळे सुजतात, त्याला एक मिनिटही न घालवता खाली न्यायला घ्या आणि १०८ ला फोन लावा.

दगडांच्या कपारीत हात घालू नका. कोकणातल्या अशा खडकाळ जागेत फुरसं हा विषारी साप असू शकतो आणि ते दगडाच्या रंगात मिसळून जातं. साप चावला तर चिरणं, चोखणं, घट्ट दोरी बांधणं यातलं काहीही करायचं नाही. चावलेला अवयव हलू न देता, शक्यतो उचलून खाली आणायचं आणि सरळ कर्जतचं सरकारी रुग्णालय गाठायचं.

६. दर्शनी भाग: इथे पाऊण तास द्या

हा टप्पा लोक दोन मिनिटांत उरकतात, म्हणून मी इथे जास्त थांबणार आहे.

आधी चैत्यगृहासमोर शक्य तितकं मागे जाऊन उभे राहा. वर प्रचंड मोठी, घोड्याच्या नालेच्या आकाराची चैत्यकमान दिसेल. तिचा दगड लाकडासारखा का घडवला आहे, हे स्वतःला विचारा. कारागिरांच्या डोळ्यासमोर लाकडी इमारत होती आणि ते दगडात तिचीच नक्कल करत होते: तुळया, वासे, कठडे, जाळ्या. ही एक गोष्ट लक्षात आली की पुढचं सगळं लेणं उलगडतं.

आता दुर्बीण काढा. कमानीच्या दोन्ही बाजूंना वेदिकेच्या, म्हणजे कठड्याच्या नक्षीच्या पट्ट्या आहेत आणि त्यांच्यामध्ये स्त्री-पुरुषांच्या आकृत्यांचे चौकोन आहेत. एकेक चौकोन डावीकडून उजवीकडे क्रमाने पाहा. शिरोभूषणं, हातातली शस्त्रं, वळलेल्या कमरा यांच्याकडे लक्ष द्या. सगळं एकदम पाहायला गेलात तर काहीच लक्षात राहत नाही.

मग डावी बाजू. तिथे मानवी आकाराच्या जवळपास दुप्पट अशा एका मूर्तीचा फक्त डोक्याकडचा भाग उरला आहे. चेहरा झिजून गेलाय. पण शिरोभूषणाची घडण पाहा, वस्त्राच्या घड्या आणि वेणीसारखे पदर अजून वाचता येतात. त्या डोक्याच्या शेजारी, खांद्याच्या पातळीवर, ब्राह्मी या प्राचीन लिपीतला एका ओळीचा लेख आहे. भाषा प्राकृत. अर्थ एवढाच: कन्हाचा शिष्य बलक याने हे केलं. ज्याने दगडात हात घातला त्याचं नाव इथे समोर उभं आहे आणि माणसं त्याच्याकडे पाठ करून सेल्फी काढतात.

लेख वाचायचा कसा? आधी घरी तीन अक्षरं शिकून या. ब्राह्मीत ‘क’ म्हणजे बेरजेचं चिन्ह. ‘ब’ म्हणजे चौकोन. ‘न’ म्हणजे आडव्या रेघेवर उभी केलेली काठी. ‘बलकेन’ या शब्दात ही तिन्ही आहेत. आधी चौकोन शोधा, पुढे बेरीज शोधा, शेवटी काठी. ‘क’ला वरच्या टोकाला डावीकडे छोटी रेघ दिसली तर तो ‘के’. पहिल्यांदा ते अक्षर ओळखू आलं तेव्हा मी बराच वेळ तिथून हललो नव्हतो.

उजेडाचं तंत्र असं. समोरून बॅटरी मारली की अक्षरं नाहीशी होतात. हातातली बॅटरी भिंतीला न टेकवता, पण भिंतीच्या अगदी जवळ, लेखाच्या बाजूला धरा, म्हणजे प्रकाश दगडावरून तिरका घसरत जाईल. प्रत्येक खोलगट रेघेत सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. मग बॅटरी वरच्या बाजूने धरा, मग खालच्या. एका दिशेने न दिसलेली रेघ दुसऱ्या दिशेने दिसते. फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा आणि बॅटरी सोबत्याच्या हातात द्या.

*इशारा:* अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू फिरवणं, पाणी शिंपडणं, तेल लावणं, ठसा घेण्यासाठी कागद दाबणं, यातलं काहीही करू नका. खडू फिरवणारा माणूस आपल्याला वाटलेलं अक्षरच दगडावर गिरवून ठेवतो आणि पुढच्या प्रत्येकाची चूक पक्की करतो. झिजलेल्या दगडाचा पृष्ठभाग कधीकधी नखानेही सुटतो.

७. चैत्यगृहाच्या आत

बूट बाहेर काढा. डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत दारापाशीच थांबा.

दालन सुमारे ६६ फूट खोल, २६ फूट रुंद आणि २८ फूट उंच आहे. मागचं टोक अर्धगोल. तिथे स्तूप आहे, व्यास साधारण साडेनऊ फूट. आत पहिल्यांदा जाणवतं ते उद्ध्वस्तपण, कारण खांबांचे खालचे भाग बऱ्याच ठिकाणी नाहीसे झालेत. काही ठिकाणी वरचा तुकडा छताला लटकल्यासारखा राहिला आहे. हे कोणी फोडलं असेल असा अंदाज लोक पटकन बांधतात. आधी पायाशी पाहा. ओल कुठून येते, कुठे साठते, दगड कुठे भुसभुशीत झालाय? पहिल्या टप्प्यात सांगितलेली किल्ली इथे लागू पडते. खांब वरून शाबूत आणि खालून खाल्लेले का, याचं उत्तर जमिनीतच आहे.

शाबूत राहिलेले खांब अष्टकोनी आहेत. त्यांना टेकू नका, खाली वाकून आधार घेऊ नका. छताला लाकडी फासळ्या बसवण्याची पद्धत अशा जुन्या चैत्यगृहांत होती. त्यासाठीच्या खोबणी डोक्यावरच्या बॅटरीने शोधा.

स्तूपाभोवती फिरायचं तर तो आपल्या उजव्या हाताला राहील अशा दिशेने. ही प्रदक्षिणेची रीत आहेच, पण पाहण्यासाठीही ती उपयोगी आहे: मागच्या अर्धगोलातले खांब आणि भिंत यांच्यामधली अरुंद वाट तशीच क्रमाने समोर येते. स्तूपावर नाणी, हळद-कुंकू, शेंदूर, पाणी असं काही वाहू नका.

८. विहार: मोजत पाहा

चैत्यगृहाशेजारचा विहार, म्हणजे भिक्खूंच्या राहण्याची जागा, हा माझ्या मते कोंडाण्याचा सर्वाधिक दुर्लक्षित भाग. लोक डोकावतात, ‘रिकामी खोली’ म्हणून वळतात. रिकामं काही नाही. इथे मोजणी करायची, मग दिसायला लागतं.

मधलं दालन २३ फूट रुंद आणि २९ फूट खोल. १५ खांब होते, त्यांचेही तळ गेलेले. वर पाहा: छताला दगडी तुळया कोरल्या आहेत, १९ इंच खोल, ८ इंच जाड. या तुळया कुठलाही भार पेलत नाहीत, कारण वर सलग डोंगर आहे. त्या फक्त लाकडी सभागृहाची आठवण म्हणून आहेत. दर्शनी भागापाशी विचारलेल्या प्रश्नाचं सगळ्यात स्वच्छ उत्तर हे छत देतं.

तीन बाजूंना प्रत्येकी ६, म्हणजे १८ खोल्या. प्रत्येकीत भिक्खूंच्या झोपण्याचा दगडी ओटा, आणि बाजूच्या ओळींतल्या पहिल्या खोलीत दोन. दारांवरच्या चैत्यकमानी मोजा, १४ भरायला हव्यात. त्यांना जोडणारी, पुढे आलेली पट्टी आहे, तिच्यावर तीच वेदिकेची नक्षी.

*तपासा:* मोजणी जुळली नाही तर घाईने पुढे जाऊ नका. एखादी खोली ढासळलेली किंवा अंधारात असते. पण आत पाऊल टाकण्यापूर्वी बॅटरी फिरवा. वटवाघळं असतील तर ती खोली सोडून द्या.

९. नोंद आणि फोटो

आधी वहीत कच्चा आराखडा काढा, मग फोटो. उलटं केलं तर घरी आल्यावर शंभर फोटोंपैकी कुठला कुठल्या खोलीचा, ते कळत नाही. प्रत्येक भागाचा आधी दुरून एक फोटो, मग मध्यम अंतरावरून, मग जवळून. आकार कळण्यासाठी शेजारी वही धरा, दगडाला न टेकवता. तिपाई किंवा ड्रोन परवानगीशिवाय नको. संरक्षित स्मारकात तसं चालत नाही.

भिंतीवर नावं कोरलेली दिसतील. राग येणं स्वाभाविक आहे, मलाही येतो. पण इथेच सर्वात सद्हेतूची आणि सर्वात महागात पडणारी चूक होते. काही गट तारेचे ब्रश, साबण, कधी ॲसिडसुद्धा घेऊन ‘लेणी स्वच्छ’ करायला जातात. नाव पुसलं जातं आणि त्याबरोबर दगडाचा वरचा थरही जातो. शेवाळ खरवडताना अक्षरं गेली तर ती परत आणता येत नाहीत. स्वच्छतेची इच्छा असेल तर प्लास्टिक, बाटल्या, वेष्टनं उचला, एवढंच. दगडाला हात लावण्याचं काम पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांचं. तुम्ही तारखेसह फोटो काढून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाला लेखी कळवा. १९५८ च्या स्मारक कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

सुटा पडलेला कोरीव तुकडा दिसला तर तो उचलून ‘सुरक्षित जागी’ ठेवू नका. तो कुठे पडला आहे यावरून तो कुठून निखळला हे कळतं. जागेवरच फोटो घ्या, कळवा, आणि त्याचं नेमकं ठिकाण समाजमाध्यमावर टाकू नका.

१०. परत

दुपारी अडीचला निघा, काही पाहायचं राहिलं असलं तरी. थंडीत डोंगराच्या सावलीत उजेड लवकर जातो आणि उतरताना थकलेले गुडघे घात करतात. निघण्याआधी माणसं मोजा, कचऱ्याची पिशवी मोजा, आणि वाटेत काढून ठेवलेले फाट्यांचे फोटो उघडा. गावात पोहोचलात की सकाळी ज्यांना वाट विचारली होती त्यांना ‘आलो बरं का सगळे’ असं सांगून जा. तुम्ही वर गेला आहात हे त्यांच्या लक्षात असतं.